मालदीवच्या गावांतील मुक्काम : गेस्टहाउस ठरवण्यापूर्वी ग्राहकांनी वाचावयाचे माहितीपत्रक

मालदीव म्हटले की पाण्यात खांबांवर उभी असलेली लाकडी घरे डोळ्यांसमोर येतात आणि त्यांचे एका रात्रीचे भाडे ऐकून नाशिकमधील बहुतेक कुटुंबे तो बेत तेथेच सोडून देतात. वास्तविक त्याच समुद्रात, तशाच प्रवाळांच्या कुशीत, शाळा, मशीद, किराणा दुकान आणि मासेमारीच्या होड्यांचा धक्का असलेली नांदती गावे आहेत, आणि तेथील स्थानिक लोकांच्या गेस्टहाउसमध्ये मध्यमवर्गीय कुटुंबाला झेपेल अशा खर्चात राहता येते. या प्रवासात पैसे कोठे वाचतात आणि कोठे नकळत जातात, हे बुकिंग करण्यापूर्वीच समजावे यासाठी आम्ही हे पत्रक देतो.

मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे असून त्यांपैकी दोनशेपेक्षा कमी बेटांवर लोकवस्ती आहे. १९७२ मध्ये पहिले रिसॉर्ट सुरू झाल्यापासून एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट अशीच रीत पडली आणि पर्यटक गावांपासून लांबच राहिले. २००९ मध्ये नियम बदलून वस्तीच्या बेटांवरही गेस्टहाउस काढण्याची मुभा मिळाली, तेव्हा सामान्य प्रवाशाला हा देश खऱ्या अर्थाने खुला झाला. माफुशी हे त्यानंतर सर्वांत झपाट्याने वाढलेले बेट आहे. गुल्ही, थुलुस्धू, फुलिधू, रासधू, उकुल्हस, धिगुरा आणि कलिंगड-पपईच्या शेतीसाठी ओळखले जाणारे थोड्डू येथेही आता चांगली सोय होते.

आधी होडी, मग खोली

ग्राहक सहसा खोलीची छायाचित्रे आणि दर पाहून बेट ठरवतात. आमचा आग्रह उलट क्रमाचा आहे, कारण गेस्टहाउसच्या दरांत बेटागणिक फार मोठी तफावत नसते. सहलीचा एकूण खर्च ठरतो तो विमानतळापासून त्या बेटापर्यंत पोहोचण्यावर. विमानतळ राजधानी मालेला लागून असलेल्या हुलहुले बेटावर आहे. तेथून माफुशीला स्पीडबोटीने साधारण अर्ध्या ते पाऊण तासात जाता येते आणि माणशी एका बाजूचे सुमारे २५ ते ३० डॉलर पडतात. सरकारी फेरी, म्हणजे मोठी प्रवासी बोट, याच अंतराला दीड तासाच्या आसपास घेते, पण तिचे भाडे अगदीच किरकोळ असते. बेट जसे लांबचे, तसा हा फरक वाढत जातो. दक्षिणेकडील अड्डू किंवा फुवामुला येथे जाण्यासाठी देशांतर्गत विमान घ्यावे लागते आणि परदेशी प्रवाशाला त्याचे भाडे स्थानिकांपेक्षा बरेच जास्त द्यावे लागते. चौघांच्या कुटुंबाचा जाण्यायेण्याचा हिशेब मांडला, की स्वस्त खोलीचे आकर्षण पुष्कळदा तेथेच ओसरते.

फेरीच्या भरवशावर राहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अनेक बेटांना साधी फेरी दिवसातून एखादीच असते, काहींना तर आठवड्यातून मोजकेच दिवस असते, आणि शुक्रवारी ही सेवा सर्वसाधारणपणे बंद असते. समजा, एखादे कुटुंब गुरुवारी संध्याकाळी मालेत उतरले. त्या दिवशीची फेरी निघून गेलेली असते, शुक्रवारी ती नसते, म्हणजे शनिवारपर्यंत विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर दोन रात्री काढाव्या लागतात आणि तेथील खोलीचे भाडे स्पीडबोटीच्या भाड्यापेक्षा जास्त होते. म्हणून मुंबईहून निघणाऱ्या विमानाची वेळ आणि वार ठरवतानाच आम्ही बोटीचे वेळापत्रक समोर ठेवतो. मुक्काम पाच-सहा रात्रींचा असेल तर एकच बेट घ्यावे, फार तर एकाच मार्गावरची दोन घ्यावीत. चार दिवसांत तीन बेटे पाहण्याचा हट्ट धरला तर अर्धी सुट्टी जेट्टीवर सामान सांभाळण्यात जाते.

दर आणि प्रत्यक्ष बिल

संकेतस्थळांवर दिसणारा दर हा नेहमीच अंतिम नसतो. खोलीचा मूळ दर रात्रीला ५० डॉलर आहे असे धरू. त्यावर १० टक्के सेवा शुल्क लागले की ५५ डॉलर होतात; त्या रकमेवर पर्यटन वस्तू व सेवा कर लागतो, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, म्हणजे आणखी ९.३५ डॉलर. याशिवाय हरित कर हा खोलीवर नसून माणशी, दर रात्रीला आकारला जातो. पन्नासपर्यंत खोल्या असलेल्या गेस्टहाउससाठी तो जानेवारी २०२५ पासून ३ डॉलरवरून ६ डॉलर झाला. दोघांसाठी हे सर्व धरून ५० डॉलरची खोली ७६.३५ डॉलरला पडते. त्यामुळे दोन गेस्टहाउसची तुलना करताना दोन्ही दर करांसह आहेत की करांविना, हे पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. आमच्या प्रत्येक दरपत्रकात हे सर्व कर वेगळे दाखवलेले असतात आणि ते तसेच मागून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

स्थानिक चलन रुफिया असले तरी गेस्टहाउस आणि बोटीवाले डॉलर घेतात. लहान बेटांवर एटीएम असेलच असे नाही, त्यामुळे थोडे सुटे डॉलर जवळ असणे सोयीचे ठरते. परदेश सहलीच्या पॅकेजवर आपल्याकडे आयकर नियमांनुसार टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच गोळा केला जाणारा आगाऊ कर, घेतला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणून आमच्याकडून मिळणारी पावती जपून ठेवावी.

गावात राहताना

वस्तीच्या बेटावर आपण कोणाच्या तरी गावात राहत असतो, आणि हा मुक्काम आम्हाला मनापासून आवडतो तो त्याचमुळे. सकाळी मुले गणवेशात शाळेला निघालेली दिसतात, संध्याकाळी जेट्टीवर माणसे गप्पा मारत बसलेली असतात. मालदीव हे इस्लामी राष्ट्र असल्याने गावात वावरताना खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. पोहण्याच्या पोशाखासाठी बहुतेक पर्यटक-बेटांवर वेगळा किनारा राखून ठेवलेला असतो. इतर किनाऱ्यांवर टी-शर्ट आणि लांब चड्डी घालूनच पाण्यात उतरावे. या बेटांवर दारू मिळत नाही. ती देशात आणताही येत नाही, त्यामुळे मुंबई विमानतळावर घेतलेली बाटली मालेला जमा करून घेतली जाते.

आमच्या ग्राहकांसाठी विशेष महत्त्वाची सूचना अशी की, पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये नेण्यास मनाई आहे. आपल्याकडे प्रवासात पिशवीत गणपतीची छोटी मूर्ती ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती आम्हाला मान्यच आहे, परंतु या प्रवासापुरती ती देवघरातच राहू द्यावी. ई-सिगारेटही नेता येत नाही. परतताना प्रवाळाचे तुकडे किंवा कासवाच्या पाठीच्या वस्तू आणू नयेत. स्नॉर्कलिंग करताना, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याखालचे पाहत पोहताना, प्रवाळावर पाय टेकू नयेत. दगडासारखे दिसत असले तरी ते जिवंत असते आणि एकदा मोडले की भरून यायला वर्षानुवर्षे लागतात.

शाकाहारी ग्राहकांसाठी

तेथील जेवण ट्यूना माशाभोवती फिरते. न्याहारीला मास हुनी, म्हणजे ट्यूना, ओले खोबरे, कांदा आणि मिरची यांची कोशिंबीर आणि तिच्यासोबत रोशी नावाची पातळ पोळी असते. ट्यूनाचा वाळवलेला चुरा वरकरणी शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही पडतो, म्हणून ‘मासे नकोत’ एवढे सांगून भागत नाही. आम्ही बुकिंगच्या वेळीच यजमानांना चुरा आणि माशाचे पाणी दोन्ही नको असे लेखी कळवतो. मग डाळ, भात, रोशी, भोपळ्याची किंवा बटाट्याची भाजी असे साधे जेवण मिळते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र खाकरा, ठेपले, मेतकूट यांची शिदोरी सोबत घ्यावी. प्रवाळाच्या वाळूत भाजीपाला फारसा पिकत नाही, बहुतेक माल बाहेरून येतो. २०२४-२५ या वर्षासाठी भारताने मालदीवला ३५,७४९ टन कांदा निर्यात करण्याची मुभा दिली होती, हे लासलगावच्या वाचकांना विशेष वाटेल. त्यामुळे यजमानाने ताटात चार भाज्या वाढाव्यात अशी अपेक्षा धरू नये.

काळ, कागदपत्रे आणि तब्येत

डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम असतो व समुद्र शांत असतो, पण त्यातही नाताळ ते नववर्ष दर चढलेले असतात. मे ते नोव्हेंबर पावसाळी वारे असतात. त्या काळात खोल्या स्वस्त मिळतात. मात्र स्पीडबोट चांगलीच आदळते, त्यामुळे बोट लागणाऱ्यांनी आणि पाठदुखी असणाऱ्यांनी मोठी फेरी घ्यावी. रमजानमध्ये दिवसा गावातील खाणावळी बंद असतात आणि २०२६ व २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या आसपास येतो, हे तारखा ठरवताना पाहावे.

भारतीय पर्यटकांना आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट, मुक्कामाचे पक्के बुकिंग आणि पोहोचण्यापूर्वीच्या ९६ तासांत भरलेले ‘इमुगा’ हे ऑनलाइन प्रवासी घोषणापत्र जवळ असावे. ते भरण्यास शुल्क नाही. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने शिल्लक असेल तरच आम्ही तिकीट काढतो. नाशिकमध्ये पासपोर्ट सेवा केंद्र असल्याने नूतनीकरणासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही, पण ते काम तिकिटाच्या आधी उरकावे.

लहान बेटांवर आरोग्य केंद्र असते, मोठे रुग्णालय मालेमध्ये आहे, आणि रात्री रुग्णाला तेथवर न्यायचे तर वेगळी बोट करावी लागते. यासाठी प्रवास विमा घेतल्याशिवाय आम्ही ज्येष्ठ नागरिकांचे बुकिंग स्वीकारत नाही. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, हातातील पिशवीत ठेवावीत.

बुकिंगसाठी कार्यालयात येताना सर्व प्रवाशांचे पासपोर्ट आणि पॅन कार्ड आणावे, तसेच कुटुंबात कोणाला पोहता येते व कोणाला येत नाही हे आम्हाला सांगावे. काही बेटांना उथळ, शांत किनारा आहे आणि काहींना प्रवाळकड्यालगत जोराचा प्रवाह असतो, त्यामुळे लहान मुले सोबत असतील तर बेटाची निवड आम्ही या माहितीवरूनच करतो.