३० फ्रेम २५ मध्ये बसवायच्या कशा?

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीचं शूटिंग आम्ही तिघांनी मिळून केलं, माझा कॅमेरा २५ फ्रेमवर (म्हणजे सेकंदाला २५ फोटो), मित्राचा फोन ३० वर आणि त्याच्या भावाचा ६० वर, आणि रात्री एडिटिंगला बसलो तर नाशिक ढोलचे क्लोजअप एकदम भारी, पण मित्राने गोदाघाटावर फोन हळूहळू फिरवत घेतलेला जो शॉट होता तो सारखा अडखळत होता. मूळ क्लिप बघितली तर ती लोण्यासारखी. एक्सपोर्ट दोनदा केलं, तरी तेच.

कारण साधं आहे. एडिटिंगची टाइमलाइन, म्हणजे सगळ्या क्लिप ओळीने लावायची पट्टी, २५ ची असली की सॉफ्टवेअरला सेकंदाला २५ च फोटो लागतात, फोन देतो ३०, मग दर ६ मधला १ गाळला जातो. आता समजा देवळाचा कळस प्रत्येक फ्रेमला १० पिक्सेल सरकतोय, तर गाळल्यावर तो सरकतो १०, १०, १०, १० आणि मग एकदम २०. असे धक्के सेकंदाला ५! कुणी उभं राहून बोलत असेल तर कळत पण नाही, पण कॅमेरा सावकाश फिरताना डोळा बरोब्बर पकडतो. ६० वाल्या क्लिपमध्ये कधी २ कधी ३ फ्रेम पुढे उडी पडते, उडीतला फरक कमी, म्हणून ते फारसं खटकत नाही.

मग सगळेच ३० वर का नाही? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, टीव्ही त्यामुळे २५ चा, अमेरिकेत वीज ६० ची म्हणून तिकडे ३०. आणि हे आजही लागू पडतं बरं का, कारण मांडवातले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर, म्हणजे एका फ्रेमला प्रकाश आत घ्यायचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर २ लुकलुक येतात, १/६० ठेवलं की हिशोब चुकतो आणि पट्टे दिसायला लागतात.

आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आणला तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग सिनेमाच्या नेहमीच्या २४ फ्रेमपेक्षा बराच कमी असायचा. ते जुने मूकपट २४ ने चालवले की माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ना, ते यामुळेच.

याच्या उलट केलं की स्लो मोशन. ६० फ्रेमची ढोलाची क्लिप २५ च्या वेगाने चालवली तर एकही फ्रेम न गाळता ती २.४ पट हळू होते, टिपरू (ढोल वाजवायची काठी) पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या पडद्यावर पडतं, पान थरथरतं, सगळं स्वच्छ दिसतं. २५ ची क्लिप तेवढी हळू करायला गेलो तर मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरला अंदाजाने बनवाव्या लागतात, आणि टिपरू एवढ्या जोरात फिरतं की तो अंदाज फसतो, हातात जेली धरल्यासारखं दिसतं.

घाटाच्या शॉटला शेवटी हेच केलं. ३० ची क्लिप २५ ने चालवली, म्हणजे वेग ८३ टक्के, आवाज माझ्या कॅमेऱ्यातला लावला. कळस आता सरळ सरकतो, आणि पाण्यावरचे दिवे थोडे सावकाश हलतात, ते तर मूळपेक्षा छान वाटतं.