१९५० च्या दशकातले ब्रिटिश माहितीपट आणि ‘अभिनय शून्य’

‘युद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या टीव्ही माहितीपटांत सगळं खरं आयुष्य आहे, अभिनय शून्य,’ असं जुन्या क्लिपांसोबत फिरत असतं. कृष्णधवल चित्र पाहून तसं वाटणं साहजिकच.

पण १९५० च्या दशकातले असे बरेच कार्यक्रम बसवलेले होते. लेखक महिनोन्‌महिने माहिती गोळा करून संहिता लिहीत आणि नट ती स्टुडिओतून, अनेकदा थेट प्रक्षेपणात, सादर करत. (माहिती मात्र अस्सल असे, सरसकट खोटं म्हणणंही अन्यायाचं.) कॅमेरे अवजड होते, रस्त्यावर चित्रासोबत आवाज टिपणं जिकिरीचं होतं. खांद्यावर पेलणारी, आवाज जुळवून घेणारी यंत्रणा आली १९६० च्या सुमारास.

पडताळायचं तर श्रेयनामावली बघा. पात्रांपुढे नटांची नावं असतील, तर ते नाट्यरूपांतर.