पॉवरच्या बटणातून पॉवर जातच नाही

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, "मामा, बोर्ड गेलं बहुतेक." कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला ब्रँडेड पीसी त्याने स्वस्तात उचलला, आतलं बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, काढून लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या नव्या कॅबिनेटमध्ये बसवलं, आणि मग लक्षात आलं की कॅबिनेटच्या पॉवर स्विच, रीसेट, एलईडी या सुट्ट्या वायरी लावायला बोर्डवर ओळखीची जागाच नाही, तिथे भलताच सॉकेट. दुकानदार म्हणाला, असली बोर्डं दुसऱ्या डब्यात चालत नाहीत, नशीब असेल तर चालेल. शेजारच्या काकांनी लिंबू-मिरची सुचवली. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण इथे नशिबाचा काडीचाही संबंध नाही, आणि अशा समजुतीपायी चांगली बोर्डं भंगारात जातात.

बऱ्याच जणांना वाटतं की पॉवरचं बटण म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटसारखा स्विच, त्यातूनच मशीनला करंट जातो. जुन्या एटी रचनेच्या पीसीत खरंच तसं होतं, 230 व्होल्टची वायर थेट पुढच्या बटणापर्यंत यायची. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी रचना आणली आणि बटणाचं काम बदललं. आता ते बोर्डला फक्त निरोप देतं.

तो निरोप कसा जातो, हा माझा सगळ्यात आवडता भाग. पीसी बंद दिसतो तेव्हाही एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायमधून, 5 व्होल्टची एक स्टँडबाय लाइन चालूच असते. बटणाची एक पिन मोठ्या रेझिस्टरमधून (करंट अडवणारा भाग) या लाइनवरून मिळणाऱ्या सप्लायला बांधलेली असते, दुसरी ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला. चाळीतलं मोरीतलं पिंप आठवा. वरून बारीक नळी चालू असल्यामुळे पिंप भरलेलं राहतं, पण खालची मोठी तोटी उघडली की ते झटकन रिकामं होतं, बारीक धारेला ते भरणं जमत नाही, आणि तोटी बंद केली की पुन्हा हळूहळू भरतं. इथे पिंप म्हणजे पिन, पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज, बारीक नळी म्हणजे रेझिस्टर आणि तोटी म्हणजे आपलं बटण. समजा पिनवर 3.3 व्होल्ट आहेत आणि रेझिस्टर 10,000 ओहमचा, तर बटण दाबल्यावर त्यातून वाहतो जेमतेम 0.33 मिलिअँपिअर. साधा एलईडीसुद्धा याच्या कितीतरी पट खातो. बोर्डवरची चिप एवढंच बघते की पातळी खाली आली का, आणि आली की ती स्वतः एसएमपीएसची एक वायर अशीच ग्राउंडला ओढते. स्टँडर्ड एटीएक्समध्ये ती हिरवी वायर, आणि तिलाही एसएमपीएसच्या आत असाच वर ओढणारा रेझिस्टर असतो, म्हणजे एकच युक्ती दोनदा! शिवाय बटणाचे पत्रे एकमेकांना टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, एका दाबात दहा निरोप जाऊ नयेत म्हणून इंटेलचा चिपसेट 16 मिलिसेकंद थांबून खात्री करतो.

आता हे कळलं की त्या वेगळ्या सॉकेटची भीती जाते. स्टँडर्ड बोर्डवर 9 पिना असतात, 6 आणि 8 पॉवर स्विच, 5 आणि 7 रीसेट. कंपनीच्या बोर्डवर क्रम वेगळा, पिनांमधलं अंतरही कधी वेगळं, पण आतलं तत्त्व तेच. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जुन्या डब्याचं पुढचं पॅनेल, म्हणजे बटण आणि एलईडी असलेला भाग, फेकायचं नाही. त्याची केबल बोर्डवरून काढून मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो) ठेवायचा आणि बटण दाबल्यावर कुठल्या दोन वायरी बीप देतात ते बघायचं. पॅनेल नसेल तर आधी प्लग काढून ग्राउंडच्या पिना शोधायच्या, मग प्लग परत लावून, म्हणजे फक्त स्टँडबाय चालू करून, 3 ते 5 व्होल्ट असलेल्या पिना टिपायच्या आणि एकेकीला 1,000 ओहमच्या रेझिस्टरमधून क्षणभर ग्राउंडला टेकवायचं. थेट वायर लावू नका! चुकून ती 5 व्होल्टची सप्लाय पिन निघाली तरी रेझिस्टरमुळे 5 मिलिअँपिअरच जातील, काही जळणार नाही. आणि खरी बटणाची पिन असेल तर पातळी 0.3 व्होल्टवर येते, चिपला तेवढं पुरतं. एसएमपीएस मात्र उघडायचा नाही, त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असू शकतात.

एलईडीला दिशा असते, उलटा लावला तर पेटत नाही, आणि काही कंपन्या त्याचा रेझिस्टर बोर्डवर न देता पॅनेलवर देतात, म्हणून मी मध्ये 330 ओहम टाकतोच.

भाच्याच्या जुन्या केबलवर बटणाची जोडी दोन मिनिटांत सापडली. जंपर वायरने जोडली, पंखा फिरला, तो ओरडलाच, "मामा, जिवंत आहे!" पण स्क्रीनवर आलं की पुढचं पॅनेल सापडत नाही, एफ-वन दाबा. दर वेळी तेच. पुन्हा जुनी केबल तपासली तर बटण न दाबताही दोन वायरी कायम बीप देत होत्या. पॅनेल जागेवर आहे हे बोर्डला तेवढ्यावरूनच कळत होतं. त्या दोन पिना जोडल्या आणि मेसेज गेला. रीसेटची पिन त्या बोर्डवर नव्हतीच, ती वायर टेप लावून कॅबिनेटच्या कोपऱ्यात बांधून ठेवली.