फाईल हलवली की परवानग्या बदलतात? नाही!

विंडोज सर्व्हर २००३ सांभाळणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे पक्का आहे: फाईल ज्या फोल्डरमध्ये टाकाल, त्याच्या परवानग्या (कुणी उघडायचे, कुणी बदलायचे) तिला आपोआप लागतात. हे अर्धसत्य आहे. कॉपी केली तर लागतात, कारण तिथे नवी फाईल तयार होते. पण त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केली, तर एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाईली ठेवण्याची व्यवस्था, फक्त फाईलचा पत्ता बदलते. जुन्या परवानग्या तिच्याबरोबरच जातात. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली तर मात्र आतून कॉपीच होते, म्हणून नव्या परवानग्या मिळतात.

म्हणूनच एकाच शेअर्ड फोल्डरमधल्या दहा फाईल उघडतात आणि अकरावीला 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येते. ती बहुधा कुणीतरी अकाउंट्सच्या फोल्डरमधून ओढून आणलेली असते. याची उलट बाजू मला जास्त गंभीर वाटते. सर्वांसाठी खुल्या फोल्डरमधली फाईल 'गोपनीय'मध्ये हलवली, तरी शेअरपर्यंत, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरपर्यंत, पोहोचणाऱ्याला ती वाचता येऊ शकते.

फाईल अडली म्हणून शेअरवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' (सर्वांना पूर्ण अधिकार) देऊन काही साधत नाही. नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअर आणि एनटीएफएस या दोन्हींतली कडक परवानगीच लागू होते.

अडलेल्या फाईलच्या प्रॉपर्टीजमधला सिक्युरिटी टॅब आधी बघा. वरच्या फोल्डरच्या याच टॅबवरच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन आतल्या सगळ्यांच्या परवानग्या नव्याने लावता येतात, पण मुद्दाम दिलेल्या वेगळ्या परवानग्याही त्यात पुसल्या जातात. त्या आधी कृपया लिहून ठेवा.