सिलाट म्हणजे निव्वळ नाच नव्हे

मुंबईतील मार्शल आर्टच्या वर्गांमध्ये पेन्चाक सिलाट हा इंडोनेशियाचा शोभेचा नाच असून त्यात कोणी कोणाला मारत नाही, असा एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. एकट्याने, जोडीने किंवा तिघांनी ठरावीक हालचाली सादर करण्याचे प्रकार त्यात आहेत, हे खरेच. परंतु आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांप्रमाणेच २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतही ‘तांडिंग’ ही थेट लढत खेळली गेली आणि तेथील १६ सुवर्णपदकांपैकी १० पदके लढतींचीच होती. छाती-पोटावर कवच बांधलेल्या प्रतिस्पर्ध्याला बसलेल्या ठोशापेक्षा लाथेला, आणि लाथेपेक्षा त्याचा पाय पकडून त्याला लोळवण्याला अधिक गुण मिळतात. चेहऱ्यावर ठोसा मारण्यास मात्र (समज पसरवणाऱ्यांच्या सोयीचे एवढेच!) मनाई आहे.