नायट्रेट की नायट्रेट-नायट्रोजन? अहवालात आकडा एक, अर्थ दोन

विहिरीच्या पाण्याच्या अहवालात 'नायट्रेट 18' (लिटरमागे मिलिग्रॅम) असं आलंय. पाणी प्यायचं की नाही? बहुतेक जण शेजारच्या मर्यादेच्या रकान्यातला 45 बघतात, 18 त्याहून कमी आहे म्हणून निश्चिंत होतात आणि कागद फाईलला लावतात. मला विचाराल तर अजून काहीच सांगता येत नाही. हे 18 कशाचे, ते आधी सांगा. नायट्रेटचे असतील तर या बाबतीत पाणी ठीक. नायट्रोजनचे असतील तर तेच पाणी नायट्रेटच्या हिशेबात 80 भरतं, म्हणजे मर्यादेच्या पावणेदोन पट.

नायट्रेट विहिरीत येतं कुठून, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरून चालतो: वारेमाप युरिया, गोठे, उकिरडे, शोषखड्डे आणि गावठाणाला खेटून असलेली विहीर. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातल्या 440 जिल्ह्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर सापडल्याची नोंद आहे. महाराष्ट्रातले साधारण 36 टक्के नमुने मर्यादेबाहेर होते, आणि जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ ही आपली नावं आहेत. अशा ठिकाणी आकडा चुकीचा वाचून चालत नाही.

आता खरा घोळ. नायट्रेटमध्ये नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे तीन. वजनं 14 आणि 48, बेरीज 62. प्रयोगशाळा दोनपैकी कोणतंही वजन सांगू शकते: अख्ख्या नायट्रेटचं किंवा त्यातल्या फक्त नायट्रोजनचं. पहिल्याला 'नायट्रेट म्हणून' मोजलेलं म्हणतात, दुसऱ्याला 'नायट्रोजन म्हणून', म्हणजेच नायट्रेट-नायट्रोजन. 62 ला 14 ने भागलं की 4.43 येतात. नायट्रोजनच्या आकड्याला 4.43 ने गुणलं की नायट्रेट मिळतं. एवढंच गणित आहे, आणि एवढ्यावरच माणसं वर्षानुवर्षं अडखळतात.

मर्यादाही याच दोन भाषांत लिहिलेल्या आहेत. आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस 10500, लिटरमागे 45 मिलिग्रॅम म्हणतं, नायट्रेट म्हणून. जागतिक आरोग्य संघटना आणि युरोप 50 म्हणतात, तेही नायट्रेट म्हणूनच. अमेरिका 10 म्हणते, पण नायट्रोजन म्हणून. त्या 10 चे नायट्रेट 44.3 होतात. म्हणजे अमेरिकेची आणि आपली मर्यादा जवळजवळ एकच आहे. तरीही 'अमेरिकेत मर्यादा 10, आपल्याकडे 45, बघा आपल्या जिवाची किंमत' हा मेसेज दर उन्हाळ्यात कुणीतरी पाठवतोच. सरकारवर टीका करायला कारणं कमी आहेत का, की हे खोटं कारण शोधावं लागतं?

द्राक्षवाल्यांना खरं तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. 13:00:45 च्या, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट खताच्या, पिशवीत 13 टक्के नायट्रेट नसतं. तो 13 चा आकडा नायट्रोजनचा असतो, आणि नायट्रेट त्याच्या चौपटीहून जास्त. (तिथला 45 पालाशचा, त्याचा पाण्याच्या मर्यादेशी काडीचाही संबंध नाही.) खतात आणि सांडपाण्यात नायट्रोजन म्हणून मोजणं सोयीचंच असतं, कारण तिथे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट अशी रूपं बदलत जातात आणि सगळ्यांची बेरीज एकाच मापात करायची असते. पिण्याच्या पाण्याच्या अहवालात मात्र ही पद्धत नको, हे माझं ठाम मत. मर्यादा नायट्रेटमध्ये असताना मोजमाप नायट्रोजनमध्ये छापणं म्हणजे पुढच्या माणसासाठी खड्डा खणून ठेवणं.

आणि हा खड्डा बहुधा कुणी मुद्दाम खणत नाही. अहवालाचा साचा ठरलेला असतो, त्यात 45 आधीच छापलेलं. यंत्राचं कॅलिब्रेशन (माप जुळवणं) तीव्रता आधीच माहीत असलेल्या ज्या प्रमाण द्रावणावर केलं, त्या बाटलीवर नायट्रोजनची तीव्रता लिहिलेली असते. यंत्र त्याच मापात उत्तर देतं, आकडा साच्यात जातो आणि कुणी गुणत नाही. फील्ड किटचंही तसंच. नळीत गुलाबी रंग चढतो, तो रंगाच्या कार्डाशी जुळवायचा. पण काही कार्डांवरचे आकडे नायट्रेटचे असतात, काहींवरचे नायट्रोजनचे. गावात पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाला रंग जुळवायला शिकवतात, पण कार्डाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचायला शिकवतात का?

अहवाल हातात आला की आधी मापाजवळ 'अ‍ॅज एन' आहे की 'अ‍ॅज एनओ3' ते बघा. पहिलं म्हणजे नायट्रोजन म्हणून, दुसरं म्हणजे नायट्रेट म्हणून. काहीच नसेल तर मर्यादेच्या रकान्यावरून अंदाज बांधता येतो: 10 किंवा 11.3 असेल तर नायट्रोजन, 45 किंवा 50 असेल तर नायट्रेट असायला हवं. 'हवं' म्हणतोय, कारण साच्याचा घोळ वर सांगितलाच. खात्री हवी असेल आणि अहवालात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट असं सगळं असेल, तर धन आणि ऋण आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) बेरीज मिलीइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे मिलिग्रॅमना त्या आयनाच्या एका भारामागच्या वजनाने भागून, करून बघा. दोन्ही बाजू जवळपास जुळल्या पाहिजेत. नायट्रोजनच्या 18 ला नायट्रेट समजून 62 ने भागलं तर 0.29 येतात, खरे असतात 1.29. ऋण बाजू नेमकी एकाने कमी पडत असेल तर चोर सापडला. हे जमत नसेल तर सरळ प्रयोगशाळेला फोन करा आणि उत्तर लेखी मागा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वर्षानुवर्षांच्या नोंदींचं. समजा, एका विहिरीचे आकडे 70, 76, 73 असे आहेत. मग प्रयोगशाळा बदलते आणि पुढचा आकडा येतो 17. गावात शोषखड्डे बांधल्याचा गुण आला म्हणून सत्कार होतात. 17 ला 4.43 ने गुणून बघा, 75 येतात. विहीर होती तिथेच आहे. भूजलातलं नायट्रेट एका वर्षात असं एकदम चौपटीने सहसा उतरत नाही, त्यामुळे असा आकडा दिसला की हार-तुरे बाजूला ठेवून आधी माप तपासायचं.

बाकीचे गोंधळ किरकोळ. नायट्रेट आणि नायट्राइट वेगळे, दोघांच्या मर्यादाही वेगळ्या, आणि पिण्याच्या पाण्याच्या पातळीवर पीपीएम आणि मिलिग्रॅम प्रति लिटर एकच. टीडीएस मीटर फक्त एकूण विरघळलेले क्षार सांगतं, नायट्रेट दाखवत नाही; ते पेन घेऊन विहिरी 'पास' करत फिरणाऱ्यांचं काय करावं कळत नाही. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून नायट्रेट जात नाही, आणि उकळल्याने तर पाणी आटून ते वाढतं. जुन्या तक्त्यांत 100 पर्यंतची सवलत दिसते, पण 2012 च्या मानकात 45 च्या वर सूट नाही. आणि मे महिन्यातला नमुना पावसाळ्यानंतरच्या नमुन्याशी ताडून बघू नका, मे मेशीच ताडा. विहिरीचा आकडाही बोअरच्या आकड्याशेजारी ठेवू नका. आपल्या काळ्या पाषाणात वरच्या मुरमातलं पाणी आणि खोल भेगांतलं पाणी एकसारखं असेलच असं नाही.

नायट्रोजन म्हणून मोजलेला आकडा एका जागी मात्र कामाचा आहे: शेतात. 45 नायट्रेटच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. हेक्टरभर रानाला एकूण 10 सेंटिमीटर पाणी दिलं तर ते दहा लाख लिटर होतं, आणि त्यातून 10 किलो नायट्रोजन जमिनीत जातो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत तो साधारण 21 किलो असतो, म्हणजे जवळपास अर्धी गोणी पाण्यातूनच पडली. खताच्या शिफारशीतून ती वजा करायची. आणि इथे उलटी चूक करून 45 ला नायट्रोजन समजलात, तर दोन गोण्यांहून जास्त वजा होतील आणि पीक पिवळं पडेल.