फरशीवरची नक्षी: गोकाक-सौंदत्तीकडच्या वालुकाश्माविषयी

आमच्या दुकानात दगड बघायला येणारे बरेचजण पिवळट-गुलाबी फरशीवरच्या काळ्या पानांवर बोट ठेवून विचारतात, "हा नेच्याचा जीवाश्म ना?" नाही. त्यासाठी आम्ही जादा दर लावत नाही, आणि दुसऱ्या कुणी लावला तर देऊ नका. भेगेत झिरपणाऱ्या पाण्यातलं मँगनीज साठत जातं आणि फांद्या फुटत पसरतं. नक्षी सुंदरच आहे, पण पान कधी नव्हतं.

गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गपासून बदामीपर्यंत पसरलेला हा दगड भूवैज्ञानिक 'कलादगी' खोऱ्यातला मानतात. त्याचं वय १०० कोटी वर्षांच्या घरातलं. नेचे पृथ्वीवर आले ते साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी. शिंपले-मासेही या दगडानंतरचेच, म्हणून या वालुकाश्मात शिंपला किंवा मासा सापडायचा नाही.

तरी जीव होते. बागलकोट-लोकापूरकडच्या चुनखडकात कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसतात, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांचे पापुद्रे एकावर एक चढून ती झाली. आमच्या मते या भागातला सगळ्यात मोलाचा दगड तोच.

वालुकाश्मात बघण्यासारख्या आहेत त्या लहरी, म्हणजे पाण्याने वाळूवर उठवलेले उंचवटे. फरशीवरून हात फिरवा. उंचवट्याची एक बाजू उतरती आणि दुसरी खडी लागली, तर पाणी खड्या बाजूकडे वाहत होतं असं समजा. दोन्ही बाजू सारख्या असतील तर ती लाटांची खूण. अशी फरशी अंगणात, न्हाणीघरात घ्या, पाय घसरत नाही. भिंतीला मात्र थर आडवे ठेवूनच दगड बसवा, थर उभे राहिले की पापुद्रे सुटतात. शहाबादी फरशी चुनखडकाची, तिच्यावर लिंबू सांडलं तर डाग पडतो. वालुकाश्माला सहसा काही होत नाही.

हाडांचे जीवाश्म आपल्याकडे मिळाले ते नदीनाल्यांच्या गाळात. गोकाकजवळ मिळालेल्या नामशेष गेंड्याच्या हाडांचं वर्णन भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केलं. घटप्रभेकाठी विहीर खणताना दगडासारखं जड हाड लागलं, तर ते धुऊ नका, हलवू नका. जागेवरच फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजच्या भूविज्ञान विभागाला कळवा. कुणाला कळवायचं ते समजत नसेल तर फोटो घेऊन दुकानात या.